सरकी, धोटा आणि विटाळ

यंत्राने माणसाला मुक्त केले, असे सांगणारे इतिहास आपल्याकडे पुष्कळ आहेत. शालेय पुस्तकांपासून विद्यापीठांतील क्रमिक ग्रंथांपर्यंत त्यांचा साचा एकच. आधी चाक, मग नांगर, मग छापखाना, वाफेचे इंजिन, वीज आणि आता संगणक. प्रत्येकापुढे एका संशोधकाचे नाव, एक सन आणि शेवटी एक ठरीव वाक्य : त्यामुळे समाजजीवनात क्रांती झाली. कोणाच्या जीवनात झाली, हे विचारण्याची पद्धत नाही. जणू समाज म्हणजे एकच एक देह, आणि यंत्र आले की तो सगळाच्या सगळा पुढे सरकतो! गावकुसाबाहेरच्या माणसाला 'समाज' हा शब्द नेहमीच संशयास्पद वाटत आला आहे. यंत्रांच्या इतिहासात तर तो अधिकच.

विद्वानांच्या पातळीवरही हा रोग आहेच. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ च्या आपल्या ग्रंथात घोड्याच्या रिकिबीने युरोपात सरंजामशाही आणली, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी हिल्टन आणि सॉयर यांनी त्याचा खरपूस समाचार घेतला, ते योग्यच झाले. कारण रिकीब वापरणाऱ्या साऱ्याच लोकांत सरंजामशाही आलेली नाही. तरुण मार्क्सनेही १८४७ मध्ये हातजात्यातून सरंजामदार निघतो आणि वाफेच्या जात्यातून भांडवलदार, अशा अर्थाचे विधान केले होते. आमच्या डाव्या मित्रांनी ते इतके पाठ केले की, या देशात जात्याजवळ कोणी बसावे यालाही जात लागते, हे त्यांच्या ध्यानातच राहिले नाही.

माझे म्हणणे असे की, यंत्र समाजात शिरते ते समाजाने आधीच बांधून ठेवलेल्या दारांतून. ही दारे कोणासाठी उघडी आणि कोणासाठी बंद, हे यंत्र ठरवीत नाही. पुष्कळदा तर ते त्या बंद दाराला आणखी एक कडी लावते. हे केवळ तत्त्व म्हणून सांगून भागणार नाही, म्हणून मी एकाच वस्तूचा माग काढणार आहे. ती वस्तू म्हणजे कापूस. ती घेण्याचे कारण असे की, अमेरिकेतला काळा गुलाम आणि मुंबईच्या गिरणीतला महार कामगार हे दोघेही एकाच धाग्याला बांधले गेले होते. त्यांचे नाते आपण पुढे साहित्यातून आणि चळवळीतून ओळखले; कापसाच्या व्यापाऱ्यांना ते फार आधीपासून ठाऊक होते.

१७९३ साली एली व्हिटने या तरुणाने जॉर्जिया प्रांतातील एका मळ्यावर सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. पुढच्या वर्षी त्याला त्याचे पेटंट मिळाले. आपल्याकडे लाकडी लाटांचा रेचा शेकडो वर्षे चालत आलेला होता आणि तो बहुधा बायकाच चालवीत. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत, हे जाता जाता नमूद करतो. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या कापसाची सरकी हिरवी आणि तंतूंना चिकटून बसणारी. तिला लाटांचा रेचा दाद देत नसे. एक माणूस दिवसभर बोटांनी सरकी वेचून जेमतेम एक पौंड रुई मोकळी करी. व्हिटनेच्या यंत्रात तारेच्या दातांचे एक लाटण होते. ते रुई ओढून घेई, अरुंद फटींतून सरकी मात्र पलीकडे जात नसे. या यंत्रावर दिवसाला ५० पौंड रुई निघू लागली.

क्रमिक पुस्तकाच्या तर्काने पाहिले तर आता गुलामाचे श्रम वाचायला हवेत. पन्नास माणसांचे काम एक माणूस करू लागला, म्हणजे एकोणपन्नास माणसे मोकळी झाली! घडले ते नेमके उलट. सरकी काढण्याचा अडसर दूर होताच कापूस पेरणे आणि वेचणे अफाट फायद्याचे झाले; आणि वेचणीला तर यंत्र नव्हते. ती माणसाच्या बोटांनीच व्हायची. १७९० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते ३९ लाखांवर गेले. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली होती. तेव्हा व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या प्रांतांतून गुलाम विकत घेऊन त्यांना दक्षिणेच्या नव्या कापूसपट्ट्यात हाकलून नेण्याचा अंतर्गत व्यापार फोफावला. सुमारे १० लाख माणसे अशी उखडली गेली. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्याच बाजारात. व्हिटनेच्या आधी तंबाखूची शेती मंदावली होती आणि गुलामगिरी आपोआप क्षीण होईल, असे मानणारे लोक अमेरिकेत होते. तिच्या मरणपंथाला लागलेल्या देहात एका लाकडी पेटीने नवे रक्त भरले.

दोष पेटीचा नव्हता. पण पेटी निर्दोष होती, एवढे म्हणून इतिहासकाराला हात झटकता येत नाहीत. माणूस ही मालमत्ता आहे, असे मानणाऱ्या कायद्याच्या घरात ती पेटी आली आणि त्या घराची चाकर झाली.

याच इतिहासातील दुसरी एक हकिकत मला अधिक बोलकी वाटते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. मिसिसिपी प्रांतात ऑस्कर स्टुअर्ट नावाचा एक मळेवाला होता. त्याच्या नेड नावाच्या गुलामाने कापसाच्या रानात चालवायचे एक नवे दुहेरी औत तयार केले. स्टुअर्टने त्याचे पेटंट मागितले. गुलामाचे धन ते मालकाचे धन, मग गुलामाच्या बुद्धीचे फळ मालकाचे का नाही, असा त्याचा सवाल. १८५८ मध्ये अमेरिकेच्या महाधिवक्त्याने निकाल दिला की, गुलामाने लावलेल्या शोधाचे पेटंट गुलामालाही मिळू शकत नाही आणि मालकालाही नाही. मालकाला नाही, कारण तो संशोधक नव्हे. गुलामाला नाही, कारण तो नागरिक नव्हे. पेटंटासाठी घ्यावयाची शपथ तो घेऊ शकत नाही. म्हणजे शोध लागला, औत रानात चालले, पण कायद्याच्या लेखी तो शोध कोणी लावलाच नाही!

नवनिर्मितीचा जो इतिहास आपण वाचतो तो असल्या दप्तरांतून लिहिलेला आहे. हिरडा आणि बाभळीची साल किती दिवस भिजवायची, चुन्याच्या कुंडातून कातडे कधी काढायचे, हे रसायनशास्त्र आमच्या ढोर-चांभारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या कातड्यावर शिकून घेतले. त्याला विद्या म्हणण्याऐवजी घाण म्हटले गेले. कांचा इलय्या यांनी या प्रश्नावर पुष्कळ लिहिले आहे. आमच्या पुस्तकांत अजून 'प्राचीन भारतातील विज्ञान' म्हणजे शून्य, शुल्बसूत्रे आणि शस्त्रक्रिया एवढेच येते. मोटेचे पाणी बागेत पोचले, याचे कौतुक होते. ती मोट ज्या कातड्याची, ते कमावणारा माणूस कौतुकाच्या वाक्यात येत नाही.

पण कापसाकडे परत येऊ. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरण्या बहुतांशी अमेरिकेच्या, म्हणजे गुलामांनी वेचलेल्या, कापसावर चालत होत्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि तो कापूस थांबला. इंग्रजांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईत चार वर्षे पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरून पेढ्या बुडाल्या, हे सर्वश्रुत आहे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. तिथे कापसाचे रान वाढत गेले. बाजारपेठांपर्यंत रेल्वे आली, जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याच वऱ्हाडात कापूस पिकवणारी माणसे अन्नावाचून मेली. इकडे जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. जोतीरावांना जगाचे भान होते, असे आपण भाषणांतून म्हणतो. ते भान कशाचे होते, हेही पाहायला हवे. त्यांच्या शूद्र शेतकऱ्याच्या रानातला कापूस आणि अमेरिकेतल्या गुलामाच्या हातातला कापूस एकाच बाजारात तोलला जात होता.

मराठी मुलखाच्या पूर्व भागात जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा एक जुना व्यवसाय होता. अस्पृश्याने विणलेले कापड सवर्ण शेतकरी अंगावर घालीत. त्याला विटाळ होत नसे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आता आपल्याला मुंबईच्या गिरणीत जायचे आहे.

काउसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. कोकणातून आणि देशावरून अस्पृश्य माणसे गिरण्यांत आली. गावचा बलुता आणि येसकरकी यांतून सुटका, रोख पगार, भोंग्यावर चालणारा दिवस हे सारे त्यांना मिळाले, आणि ते कमी नव्हते. पण गिरणीत कोणाला कोणत्या खात्यात घ्यायचे, हे जॉबर ठरवी, आणि जॉबर म्हणजे गिरणीतला पाटीलच. अस्पृश्य रिंगखात्यात चालत, झाडलोटीला तर चालतच. साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणले जाई आणि जिथे पगार सर्वांत चांगला, तिथे त्यांना प्रवेश नव्हता.

का नव्हता? याचे उत्तर एका लहानशा लाकडी वस्तूत आहे. मागावर आडवा धागा नेणारा जो धोटा, त्यात सुताची कांडी बसविलेली असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. सर्वांत झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून धागा ओढून घेणे. दिवसातून कितीतरी वेळा विणकर असा धोटा चोखी. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. तेव्हा सवर्ण विणकरांचे म्हणणे असे की, महाराने तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा?

आता हाच धोटा जगात इतरत्र काय करीत होता, ते पाहू. लँकेशायरमध्येही तो असाच चोखला जाई. तिथले कामगार त्याला धोट्याचे चुंबन म्हणत. तिथे प्रश्न उभा राहिला तो आरोग्याचा. एकमेकांच्या थुंकीतून क्षय पसरतो, कापसाची धूळ आणि रंग पोटात जातात, दात किडतात, अशी तक्रार झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स राज्याने १९११ मध्ये असल्या धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. इंग्लंडला असाच नियम करायला १९५२ साल उजाडले. एकच वस्तू, एकच कृती. एका समाजाला तिच्यात रोग दिसला, दुसऱ्याला दिसूनही तो चाळीस वर्षे गप्प राहिला, आणि आमच्या समाजाला तिच्यात जात दिसली. थुंकीतून येणाऱ्या क्षयाला आमचा सवर्ण विणकर भ्यायला नाही. स्वजातीयाच्या क्षयाचा धोटा त्याला चालला. निरोगी महाराचा चालला नाही. यंत्र समाज घडविते, असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी या धोट्याचे काय ते सांगावे.

यावर उपाय नव्हता, असेही नाही. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे निघालेले होते. अमेरिकेत १८९० नंतरच्या दशकात नॉर्थ्रप नावाचा स्वयंचलित माग बाजारात आला. त्यात कांडी आपोआप बदले आणि धोट्यात धागाही आपोआप ओवला जाई. म्हणजे मुंबईत विटाळाचा हा प्रश्न चव्हाट्यावर आला, त्याच्या तीस वर्षे आधी त्याचे यांत्रिक उत्तर जगात तयार होते. मुंबईच्या बहुतेक गिरण्यांनी ते घेतले नाही. जिथे मजूर इतका स्वस्त आहे की त्याचे तोंडही यंत्राचा एक भाग म्हणून फुकट वापरता येते, तिथे महाग माग कशाला घ्यायचा? आणि साळखात्यातल्या विणकरालाही ते नको होते, असा माझा तर्क आहे. विटाळ हे कारण तर होतेच, पण त्या कारणाच्या आड चांगल्या पगाराच्या जागा सुरक्षित होत्या. रूढी आणि पगार यांतले खरे कारण कोणते, असा वाद आमचे अभ्यासक घालतात. मला तो व्यर्थ वाटतो. जातीची शक्तीच ही आहे की तिच्यात रूढी आणि पगार वेगळे करता येत नाहीत.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. हा संप यंत्राच्याच प्रश्नावर होता, हे आपण विसरतो. मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली एका विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, अशा योजना आणल्या होत्या. त्यात हजारो जागा जाणार होत्या. विणकर लढले ते बरोबरच लढले. पण त्याच वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की, साळखात्याचे दार अस्पृश्यांना उघडण्याची मागणी तुम्ही तुमच्या यादीत घालणार की नाही? नसेल तर अस्पृश्य कामगारांनी या संपात का राहावे? धनंजय कीर यांच्या चरित्रात ही हकिकत आलेली आहे. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. ती ऐकून मालक हसले. हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. भांडवलदारालाही कधी कधी खरे बोलण्याची संधी मिळते! पुढे १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, याबद्दल कम्युनिस्ट मित्र अजूनही आम्हाला बोल लावतात. मालकाने टाकलेला तिसरा माग त्यांना शोषण म्हणून दिसला. पहिल्या मागाजवळसुद्धा जाऊ न दिलेला माणूस मात्र त्यांना केवळ सांस्कृतिक प्रश्न वाटला.

रेल्वेचे उदाहरण थोडक्यात देतो. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात मार्क्सने लिहिले की, रेल्वेतून उभे राहणारे आधुनिक उद्योग जातींचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, समाजाची सत्ता बदलल्याशिवाय या साधनांचे फळ हिंदी जनतेला मिळणार नाही, असेही त्याच लेखात त्याने म्हटले आहे. ते वाक्य आमच्याकडे कमी वाचले जाते. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. बाबासाहेबांनी तिथे हिशेब मांडला : पंच्याऐंशी वर्षांनंतर अस्पृश्य रेल्वेत कुठे आहे? रुळावर, गँगमन म्हणून. हमालाच्या जागीही त्याला घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तरच्या घरची कामे हमालाकडून करून घ्यायची असतात आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो. नोकरी मिळाली तरी राहायला खोली हवी, आणि खोलीला जात लागते. तिथे त्याला जात चोरावी लागते. यंत्रयुग आणि जात यांच्यावर मराठीत लिहिल्या गेलेल्या शेकडो पानांपेक्षा ही एक कथा मला अधिक सांगून जाते.

त्या उलट मराठी नवकाव्य पाहावे. मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाचे पोकळ होत जाणे मोठ्या ताकदीने टिपले, यात शंका नाही. पण ती वेदना यंत्राशी जुंपल्या गेलेल्या पांढरपेशाची आहे. ज्याला यंत्राजवळ उभेच राहू दिले नाही, त्याला यंत्रापासून दुरावण्याचे दुःख कसे होणार? त्याचे दुःख निराळे. समीक्षकांनी यंत्रयुगाची जाणीव म्हणून जी मराठीत प्रतिष्ठित केली ती साळखात्याच्या आतली जाणीव होती. दाराबाहेर उभ्या असलेल्याची जाणीव दलित साहित्य येईपर्यंत मराठीला माहीत नव्हती.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल की, मग यंत्रच नको. गांधीजी सांगत होते तेच खरे. 'हिंद स्वराज्य' (१९०९) मधील यंत्रविरोधाला आज पर्यावरणाच्या निमित्ताने नवे भक्त मिळत आहेत, आणि त्यांत आपलेही काही तरुण आहेत. मला हे घातक वाटते. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, यंत्राशिवाय फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दोष यंत्राचा नसून ते ज्यांच्या ताब्यात आहे त्या समाजरचनेचा आहे. हे केवळ लिहून ते थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला, जलमार्ग आणि वीज यांच्या धोरणाला त्यांनी आकार दिला. चरख्याचे सौंदर्य त्यालाच दिसते ज्याला तो सोडून उठता येतो. ज्याच्या डोक्यावर मैल्याची पाटी होती त्याला यंत्राचे भय कोण शिकवणार?

आणि तरीही मैल्याचेच उदाहरण पाहा. १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला; २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. गटार उपसण्याची यंत्रे देशात आहेत. तिरुवनंतपुरममध्ये २०१८ पासून त्यासाठी यंत्रमानवही आला. माणसे मात्र अजून मॅनहोलमध्ये उतरवली जातात. मुंबईच्या मालकाने नॉर्थ्रप माग का घेतला नाही, याचे उत्तर ज्याला समजले त्याला हेही समजेल. संगणकाचे युग तरी वेगळे आहे काय? अमेरिकेतील सिअ‍ॅटल हे संगणकउद्योगाचे शहर. त्या शहराला २०२३ च्या फेब्रुवारीत जातीच्या आधारावरील भेदभावावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. सातासमुद्रांपार, जगातल्या सर्वांत नव्या यंत्रासमोर, जुना धोटा पोचला आहे.

आमच्या तरुण अभ्यासकांकडे एक काम मागतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून संपल्या. त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. दादरच्या इंदू मिलची जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली, तिची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. पण कोणत्या गिरणीत कोणत्या साली पहिला अस्पृश्य माणूस साळखात्यात मागावर उभा राहिला, त्याला कोणी उभे केले, शेजारच्या मागावरचा माणूस त्या दिवशी काय म्हणाला आणि धोटा त्याने कसा ओवला, हे कोणी गोळा केल्याचे माझ्या वाचनात नाही. संपाच्या वेळी जे तिशी-चाळिशीत होते ते आज पंचाहत्तरी-पंच्याऐंशीत आहेत. त्यांतले पुष्कळ जण गावी परतले आहेत. कोकणात आणि घाटावर जाऊन त्यांना गाठावे लागेल, आणि ते लवकर करावे लागेल.